खोळ वर येईपर्यंत

बर्नादेतमावशीचा आवाज काढायचा असेल तर आधी खालचा ओठ पुढे काढायचा. मग समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कपाळाकडे बघायचं, जणू तिथे काहीतरी चिकटलंय. आवाज पोटातून आणायचा आणि पहिल्याच शब्दावर आदळायचा. "तू." इथे थांबायचं. समोरच्याला आपले सगळे गुन्हे आठवेपर्यंत थांबायचं. मग, "तू काल मलम लावूक येऊक नाय."

एवढं जमलं की खाजणवाडीत कोणीही दचकतो. मी हा प्रयोग तिच्या नवऱ्यावर, सिप्रियनकाकांवर केलेला आहे. काकांनी आधी दुखरा पाय घाईने खाटेवर घेतला, मग माझ्याकडे बघितलं, मग हसले, आणि हसता हसता परत एकदा दाराकडे बघून घेतलं.

खाजणवाडी म्हणजे तोंडवलीच्या पुढे, जिथे डांबर संपतं आणि एसटी वळते ती जागा. वळणावर आरोग्य उपकेंद्र आहे. पिवळ्या भिंती, निळा बोर्ड, दोन खोल्या. बर्नादेतमावशी तिथे सव्वीस वर्षं 'अर्धवेळ स्त्री परिचर' आहे. कागदावरचं नाव हे. काम म्हणजे झाडायचं, पाणी भरायचं आणि नर्सबाई घरोघर फिरल्या की मागून लशीचा डबा घेऊन चालायचं. अर्धवेळ म्हणजे किती वेळ, हे तिला कोणी नीट सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. सकाळी आठला उघडायची, संध्याकाळी दिवे लागले की बंद करायची. चावी साडीच्या आत कमरेला, काळ्या गोफात, आणि गळ्यात खुरीस, म्हणजे क्रूस. दोन्ही वस्तू ती झोपतानाही काढत नाही असं वाडीचं म्हणणं.

ती मायाळू आहे असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा ताप घेऊन तिच्याकडे जावं. "ताप कोणी दिल्यान तुका? खंय भिजूक गेल्लंस?" गळ पायात घुसून आलेल्या माणसाला ती आधी विचारते की डोळे कुठे ठेवलेले. गरोदर बाईला विचारते की एवढी घाई कसली होती. लहान पोरं रडतच येतात आणि तिला बघून गप्प होतात. नर्सबाई म्हणायच्या, ही असली की मला पोरांना धरायला माणूस लागत नाही.

फक्त एका गोष्टीला ती घाबरायची. सुईला. नर्सबाईंनी इंजेक्शन भरलं की बर्नादेतमावशी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळायची आणि सुई बाहेर निघेपर्यंत तिथल्या तारखा वाचत राहायची. सव्वीस वर्षं. तिच्याइतके सणवार पाठ असलेली बाई वाडीत दुसरी नाही.

मग नर्सबाईंची बदली झाली. जागी कोणी आलं नाही. एक महिना गेला, चार गेले. नियमाने उपकेंद्र बंदच राहायला हवं होतं. मावशी रोज उघडत राहिली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या गाडीतून कापूस, पट्ट्या, लाल औषध यायचं, ते ती घ्यायची. जखम कशी धुवायची हे तिला ट्रे धरून धरून माहीत झालेलं. लोक यायला लागले. कालवाने कापलेले, गळ घुसलेले, पाकट माशाचा काटा लागलेले. ती सगळ्यांना धुऊन, पट्टी बांधून आणि बोलून परत पाठवायची.

त्यातलं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे तिचाच नवरा. सिप्रियनकाकांना साखर. खाडीत कालवं काढताना पायाला धार लागली ती त्यांना कळलीच नाही, घरी आल्यावर चपलेत रक्त बघून कळलं. मालवणच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं: रोज ड्रेसिंग, एक दिवस चुकवायचं नाही, नाहीतर आधी बोट जाईल, मग पाऊल. इन्सुलिनची सुई काका स्वतःच पोटात टोचून घेतात, तेव्हा मावशी न्हाणीत जाते. पण पाय ती रोज करायची, आणि घरात नाही, उपकेंद्राच्या टेबलावर. "घरात माशी आसा." तिच्या मते सरकारी टेबलावर माशी बसत नाही, कारण तिने ते पुसलेलं असतं.

आता आमदार.

गुरुदासभाईंचा आवाज मावशीपेक्षा सोपा. उजव्या हाताची पाचही बोटं एकत्र करून हवेत चिमटा धरायचा आणि दर तीन शब्दांनी 'त्या ठिकाणी' म्हणायचं. ठिकाण कुठलंही चालतं. भाई मूळचे आमच्याच बाजूचे, घरात मालवणीच बोलत असणार, पण माइक दिसला की त्यांच्या तोंडात दुसरीच जीभ येते.

डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात भाईंनी लक्षवेधी मांडली. त्याचा व्हिडिओ वाडीत सगळ्यांच्या फोनवर दुपारपर्यंत पोचला. "अध्यक्ष महोदय, माझ्या मतदारसंघात खाजणवाडी या ठिकाणी गेले चौदा महिने आरोग्य सेविका नाही. त्या ठिकाणी, अध्यक्ष महोदय, झाडू मारणारी महिला त्या ठिकाणी रुग्णांना इंजेक्शन देते. हा माझ्या कोकणी माणसाच्या जिवाशी त्या ठिकाणी खेळ आहे." बाकं वाजली. मंत्री उठले आणि म्हणाले, माहिती घेऊन उचित कारवाई केली जाईल.

वाडी खूश. विधानसभेत खाजणवाडीचं नाव. कोणी दोनदा बघितलं, कोणी सासुरवाडीला पाठवलं. फक्त मावशीने एकदा बघितलं आणि फोन उलटा ठेवला.

उचित कारवाई तीन आठवड्यांनी जीपमधून आली. नर्स नव्हती. तालुक्याचा एक माणूस होता आणि त्याच्या हातात कागद होता. अर्हता नसताना रुग्णांना इंजेक्शन दिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा. आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत चावी जमा करायची. गोफाची गाठ सव्वीस वर्षांची, सुटेना. तो माणूस उभा, मावशी पाठ करून उभी, आणि शेवटी सिप्रियनकाकांनी कालवं सोलायच्या सुरीने गोफ कापून दिला. जीप गेली. उपकेंद्राला कुलूप. नर्स नव्हतीच, आता पट्टी बांधणारीही नाही.

त्या दिवसापासून मावशीने एकच काम धरलं: आमदाराला सांगितलं कोणी ते शोधायचं.

महिनाभर वाडीला झोप नव्हती. आपण इंजेक्शन देतो असं कोणी सांगितलं, हे ती नळावर विचारायची, मासळीच्या टोपल्यांपाशी विचारायची, रविवारी देवळातून बाहेर पडताना फादरांसमोर विचारायची. मग तिचा संशय बाबलीवर बसला. बाबली हा आमच्या रापणीचा तांडेल, म्हणजे ते लांबच लांब जाळं कधी टाकायचं आणि कोणी कुठे उभं राहायचं हे ठरवणारा माणूस. त्याच्या घरात भाईंच्या फोटोचं कॅलेंडर होतं. पुरावा एवढाच. पण मावशीने बाबलीला काही विचारलं नाही, तिने त्याची बायको सीता हिला धरलं. सीतेची जीभ, त्या जिभेत पडणारे किडे, त्या किड्यांची पुढची पिढी, असं सगळं सविस्तर. सीताही ऐकून घेणारी नाही. दोन घरांमध्ये एक फणसाचं झाड आहे, तेवढंच मध्ये पडायचं.

बाबलीची रिक्षा आहे. काकांना मालवणला न्यायला तीच उपयोगाची होती. या भांडणात ती बंद झाली. मग काका एक दिवसाआड एसटीने, पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून. ज्या दिवशी जाणं व्हायचं नाही त्या दिवशी मावशी घरातच पाय करायची आणि माशा वारायला टॉवेल घेऊन बसायची. फेब्रुवारीत दुसऱ्या बोटाचं टोक काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबू, पण रोज ड्रेसिंग झालंच पाहिजे. काकांनी हे मावशीला सांगितलं नाही. मावशीला दिसत होतंच.

अशात सिद्धेशचा फोन आला. सिद्धेश म्हणजे भाईंचा पीए, कुडाळचा. त्याचा आवाज नाकात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ना' लावून आपण आधीच हो म्हटलंय असं गृहीत धरायचं. त्याने बाबलीला सांगितलं की भाईंना मच्छीमार बांधवांसोबत पाच मिनिटं रापण ओढायची आहे, एकदम नॅचरल ना, एक छोटी रील करू ना, मग भाई अकराला कुणकेश्वरला जातील.

बाबली बरं म्हणाला. बाबली फार बोलत नाही. महिनाभर बायकोच्या नावाने शिव्या ऐकून त्याने तोंडातून शब्द काढला नव्हता, पण विसरलाही नव्हता.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी. होडी जाळं घेऊन समुद्रात मोठा अर्धगोल काढते, आणि जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर किनाऱ्यावर येतात. प्रत्येक दोरावर पंधरा-वीस माणसं समुद्राकडे तोंड करून उभी राहतात आणि मागे मागे चालत ओढतात. जो सगळ्यात मागे पोचतो तो दोर सोडून पाण्याच्या कडेला जातो आणि पुन्हा पुढे धरतो. असं अडीच-तीन तास. शेवटी जाळ्याची पिशवी, तिला खोळ म्हणतात, ती मासळीसकट वाळूवर येते. जो दोराला हात लावतो त्याला वाटा मिळतो, मग तो कोणीही असो, वाटसरू असो की पाहुणा. पण हात लावला की खोळ वर येईपर्यंत निघायचं नाही. मध्येच माणूस निघून गेला तर खोळ रिकामी येते, असं आमच्याकडे मानतात. तापाने फणफणलेली माणसंसुद्धा खोळीपर्यंत थांबलेली मी बघितली आहेत.

सिप्रियनकाकांची दोरावर जागा आहे. पाय असा झाल्यापासून त्या जागेवर मावशी उभी राहते.

सकाळी साडेआठला भाई आले. पांढरा शर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, बूट गाडीत. मागे सिद्धेश, एका हातात छत्री, एका हातात फोन. बाबलीने भाईंना जागा दाखवली. ती जागा बरोब्बर बर्नादेतमावशीच्या पुढची होती. म्हणजे दोर धरल्यावर भाईंचं तोंड समुद्राकडे आणि मावशी त्यांच्या मानेच्या मागे एका हातावर.

बाबलीने एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. "भाई, धरलास तर खोळ वर येईसर सोडूक गावाचा नाय. हयची रीत आसा."

"निश्चित, निश्चित," भाई म्हणाले. "त्या ठिकाणी परंपरा ही जपलीच पाहिजे." आणि धरला.

दोन मिनिटांत सिद्धेशचं काम झालं. त्याने आडवं घेतलं, उभं घेतलं, एकदा भाईंना हसायला सांगितलं, एकदा समुद्राकडे विचार करत बघायला सांगितलं. मग म्हणाला की झालं ना भाई, कमाल आलंय ना. भाईंनी एक हात सोडला. बाबलीने मान न वळवता फक्त एक शब्द उच्चारला.

"खोळ."

सगळा दोर थांबला. अठरा माणसं भाईंकडे बघायला लागली. पलीकडच्या दोरावरची माणसंही बघायला लागली. भाईंनी त्या अठरांकडे बघितलं, त्या अठरांच्या घरची मतं मोजली असावीत, आणि हात परत दोरावर ठेवला.

तेव्हा मागून आलं.

"तुमी."

मग तो थांबा. भाईंची मान ताठ झाली. माझ्या अंगावर आनंदाने काटा आला.

"झाडू मारणारी महिला, ती मी."

भाई वळायला गेले. बाबली म्हणाला, मागे बघू नका, दोर तिरका जातो. तेव्हा भाईंनी समुद्रालाच नमस्कार केला आणि समुद्रालाच सांगितलं की ताई, आपल्या उपकेंद्राचा विषय मी त्या ठिकाणी अत्यंत प्रखरपणे मांडला. मावशी म्हणाली की तिला सुईची भीती वाटते. पुढून कोणीतरी सांगितलं, ती कॅलेंडर बघते. दोरावर हसू पसरलं आणि मागे मागे गेलं.

"मग मी इंजेक्शन देतंय असा तुमका कोणी सांगल्यान?"

भाई म्हणाले की माहिती कार्यालयातून येते. तिने विचारलं, कार्यालयाला कोणी दिली. भाई म्हणाले, असे अनेक नागरिक भेटत असतात. तिने विचारलं, अनेकांतला कुठला. मग तिची मागे पोचायची पाळी आली, तिने दोर सोडला आणि पाण्याकडे गेली. भाईंना तेवढाच विसावा. त्यांनी खांद्याने तोंड पुसलं. मग त्यांचीही पाळी आली, ते पाण्याकडे गेले आणि तिच्या पुढचा दोर त्यांनी धरला. परत मागून, त्याच जागेवरून, "कोणी सांगल्यान?"

हे तासभर चाललं. ऊन वर आलं. सिद्धेश छत्री घेऊन भाईंच्या बाजूने चालत होता, त्याला बाबली म्हणाला, छत्री मिटा आणि दोर धरा, हात मोकळे आहेत. सिद्धेशने भाईंकडे बघितलं, भाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही, आणि तोही दोरावर आला. त्याने घातलेल्या पांढऱ्या बुटांत पाणी शिरलं ते त्या दिवसापुरतं तिथेच राहिलं.

मला ऐकण्यासारखं वाटलं ते भाईंचं बोलणं. पहिल्या फेरीला 'आपल्या तक्रारीची दखल'. तिसऱ्या फेरीला 'अहो ताई, बघतो मी'. पाचव्या फेरीला तळहाताची साल निघाली तेव्हा 'अगो बाय, माका ओढूक दी आधी'. माइक नव्हता ना.

सिप्रियनकाका वर उलट्या घातलेल्या होडीवर बसून हे बघत होते, पायाला पिशवी बांधलेली. मावशीने भाईंना सांगितलं, तो बघा, तो माझा घोव. पिशवी सोडायला सांगितली. काका नको नको म्हणत होते, पण तिने ओठ पुढे काढला तेव्हा त्यांनी सोडली. बोटाचं टोक कोळशासारखं झालेलं. मावशीने भाईंना विचारलं की हा पाय तिने कुठे करायचा. सरकारी टेबल कुलपात आहे. ते कुलूप ज्याच्या जिभेमुळे लागलं त्याचं नाव तिला पाहिजे, आणि ते घेतल्याशिवाय ती काही गप्प बसणार नाही. बोलताना ती बाबलीकडे बघत होती.

बाबलीही भाईंकडे बघत होता. तोही त्याच नावाची वाट बघत होता. आणि मासळी उचलायला टोपली घेऊन आलेली सीता वाळूत उभी होती, तीही.

भाईंनी दोर गच्च धरला आणि पहिल्यांदाच तिच्याइतक्या मोठ्या आवाजात बोलले.

"बाय, तूच सांगलंस."



"ऑक्टोबरात. कुडाळाक, जनता दरबारात. निळी छत्री होती तुझ्याकडे. मलम मी लावतंय, गोळ्यो मी देतंय, इंजेक्शनसुद्धा मीच देतंय, मग नर्स पाठवतास तरी कशाक, असा माझ्या टेबलार हात आपटून विचारलंस. ह्या सिद्धेशान लिवून घेतल्यान." दोरावरून सिद्धेश म्हणाला की हो, आहे ना, टोकन नंबर सदतीस ना.

सीतेने टोपली खाली ठेवली.

 मावशीचा ओठ आत गेला. मी तिला जन्मापासून बघतोय, तो ओठ आत गेलेला मी बघितला नव्हता. दोर ढिला पडत होता, कोणाचं लक्ष नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "मीच सांगलंय. तुमका आठवाचा नाय असा वाटला. इंजेक्शनचा खोटा सांगलंय. खरा सांगून बारा महिने झालेले, कोण ऐकी नाय."

मग भाईंच्या पाठीला म्हणाली, "मी नर्स मागलंय. तुमी माका नोटीस पाठवलास."

या वाक्याची नक्कल सगळ्यात सोपी आहे. ओठ आत घ्यायचा आणि बाकी काही करायचं नाही. मी ती कोणासमोर करत नाही, कारण कोणी हसत नाही.

भाईंच्या चेहऱ्यावर मात्र हसू आलं. सुटल्याचं हसू. ते म्हणाले की आता झालं ना समाधान, सगळ्यांच्या समोर झालं, आता मी निघतो. दोन्ही हात सोडायला लागले. त्यांना वाटलं असणार की आता वाडी त्यांच्या बाजूला. वाडी खरंच होती. महिनाभर ज्यांच्या ज्यांच्या घराला मावशीने जिभेवरून शिव्या घातल्या होत्या ती सगळी त्या वाळूत उभी होती, आणि त्यांच्या तोंडावर दिसत होतं की आता हिला कोणीच दारात उभं करणार नाही.

अडवलं ते सीतेने.

"खोळ खंय इली?" ती म्हणाली.

भाई म्हणाले की बाई, ही तर खोटं बोलली, तुम्हीच ऐकलंत.

"तिचा तोंड खोटा आसा. ता मी बगून घेतंय, तुमी नको." सीता होडीकडे बोट दाखवून म्हणाली, "पण ह्येचो पाय खरो आसा. ओढा."

बाबलीने पहिल्यांदा दात दाखवले. "भाई, ओढा," तो म्हणाला, आणि भाई ओढायला लागले.

मग फोन झाला. सिद्धेशने एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने फोन भाईंच्या तोंडाशी धरला आणि स्पीकर लावला. पलीकडे जिल्ह्याच्या आरोग्य खात्यातले कोणी साहेब होते, आवाज स्वच्छ, जेवणाआधीचा. ते म्हणाले की पद रिक्त आहे, भरतीला मान्यता नाही, प्रतिनियुक्तीचा प्रस्ताव विचाराधीन आहे. भाई वाकून ओढत होते, घाम डोळ्यांत जात होता.

"प्रस्ताव घाल खड्ड्यात. मी दोरार आसंय."

"साहेब, कुठे आहात?"

"दोरार रे. माका हय सोडणत नाय."

साहेबांना काय समजलं देव जाणे, आमदारांना लोकांनी बांधून घातलंय असं समजलं असावं, पण त्यांचा आवाज एकदम कामाला लागला. शेजारच्या उपकेंद्रातल्या नर्स आठवड्यातून दोन दिवस, मंगळवार आणि शुक्रवार, लगेच आदेश काढतो. मावशी मागून म्हणाली, सात. साहेब म्हणाले, दोनच शक्य आहेत. भाई म्हणाले, आता दोन घेऊया. मावशी म्हणाली, "घेतंय. पण हे दोनच." आणि चावी, तिने विचारलं. साहेब म्हणाले, चौकशी चालू आहे.

साडेअकराला खोळ वर आली. पेडवे बरेच, बांगडे मोजके, आणि अर्धी टोपली थबथबीत जेलीफिश. वाटे पडले. भाईंचा वाटा बाबलीने माडाच्या झावळीत बांधून ड्रायव्हरच्या हातात दिला. भाईंना नको होता. मांडव होता पुढे कुणकेश्वरला, गाडीत वास येणार. पण बाबली म्हणाला, वाटा घेतला म्हणजे नाव लागलं, पुढच्या रापणीला हाक येणार. भाई हसले, त्यांना वाटलं ही लोकांची मस्करी. त्यांचे तळहात बघायला पाहिजे होते. मावशीने बघितले आणि ड्रायव्हरला म्हणाली, मीठपाण्यात धुवून पट्टी बांधायला सांग, आणि आमच्याकडे आणू नको, आमचं बंद आहे.

रील संध्याकाळी आली. सतरा सेकंद, ढोलताशे लावलेले, 'मच्छीमार बांधवांसोबत एक सकाळ'. नीट बघितलंत तर भाईंच्या डाव्या खांद्यामागे एक खालचा ओठ दिसतो. आमच्याकडे ती रील तेवढ्यासाठीच बघतात.

नर्सबाई मंगळवारी आल्या. तरुण आहेत, पिशवी खांद्याला, दहाच्या एसटीने येतात आणि चारच्या एसटीने जातात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं की मी यायच्या आधी झाडून कोण ठेवणार, आणि चावी मावशीच्या हातात दिली. आदेश नाही, सही नाही. चौकशी अजून चालू आहे. मावशीने नवीन गोफ घेतला. चावी परत मिळाली याबद्दल तिने कोणाचेही आभार मानले नाहीत, आणि ज्यांना महिनाभर शिव्या दिल्या त्यांची माफीही मागितली नाही. लोकही ते विसरलेले नाहीत. नळावर ती आली की बोलणं थांबतं. फणसाच्या झाडापलीकडून सीता अजून तिच्याशी एक शब्द बोलत नाही.

सिप्रियनकाकांच्या दुसऱ्या बोटाचं टोक मार्चमध्ये मालवणला काढलं. बाकीचा पाय आहे. मंगळवार-शुक्रवार नर्सबाई करतात, उरलेले पाच दिवस कोण करतं हे खात्याने विचारलेलं नाही. मेच्या सुरुवातीला सीतेचा हात तव्याने भाजला. शनिवार होता. ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली आणि बाहेर बघत हात पुढे धरला. मावशीने तो धुतला, मलम लावलं, पट्टी बांधली.  मावशीच्या हातून शिव्या न खाता पट्टी बांधून घेतलेली ती एकटीच.

भाईंना मात्र हाक जाते. जेव्हा जेव्हा रापण लागायची असते तेव्हा पहाटे पावणेसहाला, बाबलीच्या फोनवरून, आणि बोलते मावशी. पहिल्यांदा भाईंनी स्वतः उचलला होता. आता सिद्धेश उचलतो.

"भाई अधिवेशनात आहेत ना मावशी."

"मग तेंका थय सांग. मंगळवार नि शुक्रवार म्हणजे आठवडो न्हय. खोळ अजून पाण्यात आसा."

 आधी सिद्धेश 'निरोप देतो' म्हणून ठेवून द्यायचा. परवा मी कान लावून ऐकलं. नाकातला आवाज झोपेने खाली आलेला, आणि शेवटचं 'ना' गायब.

"व्हय मावशी," सिद्धेश म्हणाला. "सांगतंय."